जुन्या कॉम्प्रेसरचा जीर्णोद्धार

आषाढांत पेण शहरांतून, अथवा हमरापूर, जोहे या बाजूच्या गांवांतून हिंडणाऱ्यास एक आवाज घरोघर ऐकूं येतो. कांहीं वेळ धडधड, तिच्या शेवटीं 'फुस्स' असा एक सुस्कारा, आणि मग शांतता. हा आवाज हवा दाबणाऱ्या यंत्राचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा होय. गणेशमूर्तींचें सर्व अंग पूर्वीं कुंचल्यानें रंगवीत असत. आतां डोळ्यांची आखणी व दागिन्यांचें बारीक काम तेवढें कुंचल्याकडे राहिलें असून, अंगाचा व पीतांबराचा रंग बहुधा हवेच्या फवाऱ्यानेंच दिला जातो.

मोठे कारखानदार नवें यंत्र घेतात. परंतु ज्यानें घराच्या पडवींत पांचपंचवीस मूर्तींपासून आरंभ केला आहे, त्यास तें परवडत नाहीं. तो रोह्याकडे वळतो. रोह्याजवळ धाटाव येथें औद्योगिक वसाहत आहे. आणि कारखाने म्हटले कीं जुनीं यंत्रें मोडींत निघावयाचींच. त्यांतील एखादा कॉम्प्रेसर भंगारवाल्याच्या दारांत कांहीं दिवस पावसांत भिजत पडतो, आणि मग भिसे खिंडींतून नागोठण्यावरून टेंपोंत बसून पेणेस येतो. दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें असेंच एक यंत्र आणिलें, आणि "सर, हें चालेल काय, तेवढें पाहा," म्हणून मला बोलाविलें. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों, मिस्त्री नव्हे. तरी त्या यंत्राच्या निमित्तानें जें पाहिलें, मोजलें व मिस्त्र्यांकडून समजून घेतलें, तें आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडण्याजोगें आहे.

या यंत्राचे मुख्य भाग दोनच. वर पंप, म्हणजे नळकांडें व त्यांत वरखालीं जाणारा दट्ट्या. आणि खालीं दाबलेली हवा सांठविणारी पोलादी टाकी. घेणारा मनुष्य पंपाकडे निरखून पाहतो, चाक हातानें फिरवितो, मोटारीचा आवाज ऐकतो, आणि टाकीवर फक्त एक नजर टाकून तिला नवा रंग देण्याचा बेत करतो. खरें पाहतां पंप बिघडला तर पैसे जातात. टाकी फुटली तर माणसें जातात. म्हणून परीक्षेचा क्रम उलटा हवा.

टाकी कां बिघडते हें समजण्यास प्रथम हवेंतील पाण्याचा विचार केला पाहिजे. इ. स. १६६२ मध्यें रॉबर्ट बॉईल यानें प्रसिद्ध केलेला नियम तुम्हांस पाठ आहेच : उष्णतामान कायम असतां हवेवरील दाब जितक्या पट वाढवावा, तितक्या पट तिचें आकारमान घटतें. लहान कॉम्प्रेसरचें घड्याळ दर चौरस सेंटिमीटरास ८ किलो दाब दाखवितें, तेव्हां आंतील खरा दाब ९ असतो. कारण घड्याळ शून्य दाखवितें त्या वेळींही वातावरणाचा १ किलो दाब आंत असतोच. म्हणजे बाहेरची नऊ घनमीटर हवा आंत एका घनमीटरांत कोंबली जाते. हवा अशी आवळतां येते. पण तिच्यांतील वाफेचें तसें नाहीं. एक घनमीटर जागेंत ३० अंश उष्णतेस सुमारे ३० ग्रॅमच वाफ राहूं शकते, मग त्या जागेंत हवा थोडी असो कीं पुष्कळ असो. जास्तीची वाफ पाणी होऊन खालीं बसते.

आतां आपल्या कोंकणची हवा घ्या. पेण व रोहें या भागांत वर्षाकांठीं सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुलैंतील हवा ओल्या पंचासारखी असते. अशा प्रत्येक घनमीटरांत २५ ग्रॅमांच्या आसपास वाफ असते. ती हवा नऊपट दाबून पुन्हां थंड झाली, कीं त्यांतील ३ ग्रॅमांहून थोडी अधिक वाफ तेवढी हवेंत टिकते व उरलेली सुमारे २२ ग्रॅम पाणी होते. दोन अश्वशक्तीचा साधा कॉम्प्रेसर तासास दहा घनमीटर हवा आंत घेतो असें धरलें, तर एका तासांत टाकींत दोनशेंहून अधिक ग्रॅम पाणी जमतें. पेणेचा हंगामही नेमका याच ऋतूंत असतो. परदेशीं जाणाऱ्या मूर्ती आधींच रवाना होतात हें खरें. तरी भाद्रपदांतील चतुर्थीसाठीं घरोघरचें रंगकाम आषाढ-श्रावणांतच दिवसरात्र चालतें. हवा सर्वांत ओली आणि यंत्र सर्वांत जास्त चालतें, हे दोन योग एकाच वेळीं येतात. टाकीच्या तळाशीं पाणी सोडण्याची तोटी असते. ती जर महिनोन्महिने उघडली नाहीं, तर तें पाणी तळाशीं साचून पोलाद आंतून खातें. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

या खाण्याचें स्थान विशेष वाईट आहे. आडवी टाकी घ्या : व्यास ४० सेंटिमीटर, लांबी सव्वा मीटरांहून थोडी अधिक, समावेश १६० लिटर, पत्रा ४ मिलिमीटर. ८ किलो दाबास आंतील हवा टाकीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापासून फाडूं पाहते, ती सुमारे ४० टन जोरानें. तिचीं दोन्ही टोकें एकमेकांपासून दूर ढकलणारा जोर १० टनच असतो. हिशेब केला तर पत्र्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर आडवा ताण ४०० किलो व लांबीच्या दिशेचा ताण २०० किलो येतो. म्हणजे गोल टाकी फाटली तर ती लांबीनेंच फाटणार. आणि पाणी कोठें साचतें? तळाच्या लांब रेघेवरच. जेथें ताण दुप्पट, तेथेंच गंज. तेथील पत्रा ४ चा २ मिलिमीटर झाला कीं ताण ८०० किलो होतो, १ मिलिमीटर झाला कीं १६०० किलो. चांगलें पोलाद याहून अधिक सोसतें, हें खरें. परंतु गंजलेला पत्रा सारखा झिजत नाहीं, त्यास खड्डे पडतात, आणि खड्ड्याच्या बुडाशीं किती धातु उरला आहे हें बाहेरून दिसत नाहीं.

आम्हीं त्या टाकीची परीक्षा अशी केली. तळाची तोटी काढिली, तेव्हां तांबूस चिखलासारखा गाळ बाहेर आला. तोटीच्या भोकांतून व वरच्या मोठ्या बोल्टाच्या भोकांतून बारीक दिवा सोडून आंत पाहिलें, तर तळावर पोपडे दिसले. लहान हातोडीनें बाहेरून ठोकीत गेलों. वरच्या अंगास घंटेसारखा स्वच्छ नाद, तळाशीं बोदा. कान हें कांहीं मोजण्याचें साधन नव्हे, पण कोठें मोजावें हें तो सांगतो. मोजण्यासाठीं ध्वनिलहरींनीं पत्र्याची जाडी सांगणारें हातांत मावणारें उपकरण मिळतें. कारखान्यांची तपासणी करणारे लोक तें बाळगतात. तशा एका गृहस्थांनीं येऊन वरच्या अंगास ३.९ मिलिमीटर व तळाच्या रेघेवर ठिकठिकाणीं २.४, १.९ आणि एके ठिकाणीं १.३ असे आंकडे वाचून दाखविले.

येथें दुसऱ्या एका परीक्षेविषयीं सांगितलें पाहिजे, कारण तींत एक सुंदर तत्त्व आहे. टाकीची दाबपरीक्षा हवेनें कधींही करूं नये, पाण्यानें करावी. पंप, घड्याळ, झडपा सर्व काढून, भोकें बुजवून, टाकी अगदीं कांठोकांठ पाण्यानें भरावी, आंत हवेचा बुडबुडाही ठेवूं नये, आणि हातपंपानें दाब चढवावा. नेहमींच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे ८ किलोच्या टाकीस १२ किलो, हा रूढ प्रघात आहे. अर्धा तास घड्याळाचा कांटा हलतां कामा नये. पाण्यानेंच कां? १६० लिटर हवा ८ किलो दाबास असतां तिच्यांत सुमारे १ लाख ६० हजार ज्यूल शक्ति कोंडलेली असते. एक टन वजन सोळा मीटर, म्हणजे पांच मजले उंच उचलण्यास तेवढी शक्ति लागते. टाकी फाटली तर ही सर्व एका क्षणांत सुटते. तेंच पाणी १२ किलो दाबास नेलें तरी १६० लिटरांत अवघें अर्धा कप आवळतें, आणि त्यांत कोंडलेली शक्ति पन्नास ज्यूलच्या आसपास भरते. टाकी फाटलीच तर पाण्याची एक चिळकांडी उडेल, कपडे भिजतील, इतकेंच. मात्र ही परीक्षा उतरली म्हणजे टाकी आज टिकली एवढेंच ठरतें. पुढच्या पावसाळ्यांत काय होईल तें जाडीवरूनच समजतें. म्हणून दोन्ही परीक्षा हव्यात.

आमच्या टाकीस पाण्याच्या परीक्षेपर्यंत नेण्याची गरजच उरली नाहीं. विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं तळावर एक पत्रा वेल्डिंगनें चढवूं. ओळखीचा वेल्डर तयार आहे. हें म्हणणें पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें, व म्हणूनच त्याचा विचार करणें जरूर आहे. खड्डे एके ठिकाणीं नसून सर्व तळभर होते. पातळ, गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची आंच दिली कीं जोडाच्या कडेचा पत्रा आणखी कमजोर होतो, आणि ठिगळाच्या कडेशीं ताण एकवटतो. शिवाय ठिगळ आणि मूळ पत्रा यांच्यामधील फटींत पाणी शिरलें, तर पुढचा गंज कोणालाच दिसणार नाहीं. दाबाच्या टाकीचें वेल्डिंग हें खिडकीच्या गजाच्या वेल्डिंगसारखें नाहीं. कारखान्यांत असती तर तेव्हां लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणें तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखानदारावर पडली असती. पडवींतील उद्योग बहुधा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहत असे. तेथें विचारणारा निरीक्षक कोणी नाहीं, आणि ज्या पडवींत यंत्र असतें तेथेंच मुलें अभ्यासास बसतात. तो बराच वेळ गप्प राहिला. पैसे अगोदरच गेले होते. शेवटीं त्यानें टाकी नाकारली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या पडवींत जाऊं नये म्हणून भंगारांत देण्यापूर्वीं तिच्या तळास मोठालीं भोकें पाडविलीं. त्याच मापाची नवी, परीक्षेचा शिक्का असलेली टाकी विकत घेतली. तरीही सर्व खर्च मिळून तो नव्या यंत्राच्या किंमतीहून बराच खालीं राहिला, कारण पंप उत्तम निघाला.

पंपाकडे वळूं. हें काम टाकीपेक्षां अधिक आनंदाचें आहे. त्यांत बिघाड दिसतो, हाताला लागतो, आणि दुरुस्त होतो.

प्रथम तळांतील तेल काढून पाहावें. तें दुधाळ असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे. त्यांत चकाकणारे कण असतील तर धारव्यांची झीज झाली आहे. आमचें तेल काळें होतें, पण त्यांत कण नव्हते. मग माथा उघडला. माथ्याखालीं झडपांचा पत्रा असतो. त्यावर पातळ पोलादी पट्ट्या बसविलेल्या असतात. दट्ट्या खालीं गेला कीं एक पट्टी उघडून हवा आंत येते, वर आला कीं ती मिटून दुसरी उघडते. कॉम्प्रेसरचें श्वसन एवढ्या दोन पट्ट्यांवर अवलंबून आहे. त्या काळ्या काजळीनें माखल्या होत्या.

ही काजळी येते कोठून? सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, तें तुम्हीं पाहिलें आहे. ३० अंशांची हवा एकाच झेपेंत नऊपट दाबास नेली, व तिची उष्णता बाहेर जाऊं दिली नाहीं, तर ती गणितानें २९० अंशांच्या आसपास तापेल. प्रत्यक्षांत नळकांड्याच्या पाकळ्यांवाटे बरीच उष्णता जाते; तरी उरलेली तेल करपविण्यास पुरेशी असते. म्हणूनच मोठीं यंत्रें हवा दोन टप्प्यांत दाबतात व मध्यें तिला थंड करतात : तिप्पट, आणि पुन्हां तिप्पट. मग एका टप्प्यांत १४० अंशांच्या आसपासच मजल जाते. मोटारीचें तेल ओतूं नये, कॉम्प्रेसरचेंच तेल घालावें, याचें कारणही हेंच. मोटारीच्या तेलांतील मळ धुणारीं द्रव्यें तेथें उपयोगी, येथें त्यांची काजळी होते.

काजळी रॉकेलमध्यें भिजवून लांकडी पट्टीनें खरवडावी. पट्टीवर ओरखडा पडला कीं ती हवा गळूं देते. आणि जोडण्यापूर्वीं रॉकेलचा वासही राहूं नये इतकें सर्व कोरडें करावें, कारण त्याची वाफ दाबलेल्या तापल्या हवेंत पेट घेऊं शकते. एक पट्टी कडेला चिरली होती, ती बदलली. नळकांड्याच्या आंतून नखानें वरपासून खालपर्यंत ओढून पाहिलें. ज्या उंचीस दट्ट्याची वरची रिंग थांबते तेथें नख अडखळलें तर झीज फार झाली समजावें. आमचें नख क्वचितच अडलें. रिंगा नव्या घालतांना प्रत्येक आधीं एकटीच नळकांड्यांत सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट पातळ पट्ट्यांच्या मापानें मोजून घ्यावी. गास्केट नवेंच हवें. माथ्याचे बोल्ट एकामागून एक गोल क्रमानें न आवळतां समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे, म्हणजे माथा वांकडा बसत नाहीं. पंपापासून टाकीकडे जाणारी तांब्याची नळी विसरूं नये. तींतही काजळी असते.

आतां तीन लहान वस्तु, ज्यांची किंमत थोडी व काम मोठें. पहिली सुरक्षा-झडप. ठरलेल्या दाबापलीकडे गेलें कीं ती आपोआप उघडून हवा सोडते. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन यानें १६७९ मध्यें हाडें शिजविण्याचें बंद भांडें दाखविलें व त्यास अशी झडप बसविली. तुमच्या घरच्या कुकरची शिट्टी तिच्याच वंशांतली. जुनी झडप गंजून घट्ट झालेली असते. ती साफ करून वापरण्याचा लोभ धरूं नये. नवी घ्यावी, व तिच्यावर टाकीच्या मर्यादेचा आंकडा आहे ना तें वाचावें. दुसरी, दाबाचा स्विच. खालच्या दाबास तो मोटार लावतो, वरच्या दाबास बंद करतो, आणि बंद करतांच पंप व टाकी यांमधील नळींतली हवा बाहेर सोडून देतो. आरंभीं ज्या 'फुस्स' सुस्काऱ्याचा उल्लेख केला तो हाच. तो ऐकूं आला नाहीं, तर पुढच्या वेळीं मोटारीस भरल्या दाबाविरुद्ध उठावें लागेल. आणि गांवांत सायंकाळीं वीज मंदावते तेव्हां ती न उठतां गुणगुणत राहून जळेल. सुस्कारा थांबतच नसेल, तर तिसरी वस्तु, म्हणजे टाकींतील हवा मागें न येऊं देणारी एकदिशा-झडप, गळते आहे.

मोटारीविषयीं थोडकेंच : धारवे घालावे, कपॅसिटर तपासावा, भूसंपर्क तार अवश्य जोडावी, व चाकाच्या पात्यांचा वारा नळकांड्यावर येईल अशाच दिशेनें तें फिरतें ना तें पाहावें. पट्ट्यावर जाळीचें आवरण हवें. हवेच्या नळीसाठीं पाण्याचे पीव्हीसी पाइप पुष्कळजण वापरतात; ते वापरूं नयेत, दाबाच्या हवेनें त्यांच्या कांचेसारख्या ठिकऱ्या उडतात. आणि हवेच्या झोतानें अंगावरची धूळ झाडण्याची खोड मोठ्यांनींही सोडावी.

रंगकामासाठीं आणखी एक भाग लागतो. टाकींतून निघालेल्या हवेंत पाण्याचे व तेलाचे सूक्ष्म कण असतात. शाडूच्या मूर्तीवर पाण्याचा थेंब पडला कीं पांढरा थर फुगून येतो. तेलाचा पडला तर तेथें रंग धरतच नाहीं, गोल डाग राहतो. म्हणून फवारणीच्या बंदुकीपूर्वीं पाणी वेगळें करणारी कांचेची वाटी व दाब उतरविणारी झडप बसवावी. ती टाकीस चिकटून न लावतां दहाबारा हात नळीच्या पलीकडे लावावी, म्हणजे हवा वाटेंत थंड होऊन पाणी आधींच सुटतें.

सर्व जोडून झाल्यावर यंत्राची कुवत मोजण्याची एक सोपी रीत आहे. टाकी अगदीं रिकामी करावी, तोटी बंद करावी, मोटार लावून घड्याळ पाहावें. १६० लिटरांची टाकी शून्यापासून ८ किलोपर्यंत भरली म्हणजे बाहेरची सुमारे १२८० लिटर हवा आंत गेली. आमच्या यंत्रास साडेसात मिनिटें लागलीं. म्हणजे मिनिटास १७० लिटर. दोन अश्वशक्तीस हें समाधानकारक होय. त्या मुलानें ही वेळ व तारीख टाकीमागील भिंतीवर खडूनें लिहून ठेविली, आणि खालीं रोज रात्रीं तोटी उघडण्याची आठवण. पहिल्या जुलैंत तोटीखालीं ठेवलेली बाटली पाहून त्याच्या आईनें, हें यंत्र हवा भरतें कीं पाणी, असें विचारलें.

दर दिवाळीनंतर, हंगाम संपल्यावर, तो तीच परीक्षा पुन्हां घेतो. गेल्या खेपेस वेळ साडेआठ मिनिटें आली. माथा उघडून पाहिलें, तर आंत येणाऱ्या हवेच्या पट्टीखालीं काजळीचा एक कण अडकला होता. तो काढून, पट्टी पुसून बसविल्यावर कांटा पुन्हां सात मिनिटें चाळीस सेकंदांवर आला, व भिंतीवरचा आंकडा त्याप्रमाणें बदलला गेला.